खालच्या कोर्टाला वरच्या कोर्टाचा निवाडा बाजूला ठेवता येतो का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. वडिलांच्या शेतजमिनीत वाटा मिळावा म्हणून त्यांनी भावांवर दावा लावला. भावांचं म्हणणं असं, की वडील हयात असताना १९९८ सालीच तोंडी वाटणी झाली, तलाठ्याकडे वर्दी (वाटणीची लेखी सूचना) दिली आणि उतारे वेगळे झाले. ताईंच्या वकिलांनी मुलीला जन्मानेच वाट्याचा हक्क आहे असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा विनीता शर्मा निवाडा दिला आणि सोबत मुंबई उच्च न्यायालयाचाही एक दिला. न्यायाधीशांनी पहिल्याबद्दल लिहिलं, ‘यातली वस्तुस्थिती वेगळी आहे’, आणि दुसऱ्याबद्दल, ‘हा या न्यायालयावर बंधनकारक नाही’. दावा फेटाळला. ताई विचारतात, तालुक्याच्या न्यायाधीशांना असं करता येतं का? आणि निवाडा मुंबईचा, म्हणजे आपल्या मराठी लोकांचा, म्हणून तर नाकारला नाही ना?

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, म्हणून तो आधी घेतो. पहिल्याला वेळ लागेल.

मुंबईचा निवाडा भाषेमुळे नाकारला गेलेला नाही. राज्यघटनेच्या कलम १४१ प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातल्या प्रत्येक कोर्टावर बंधनकारक असतो. उच्च न्यायालयाचं तसं नसतं. त्याचा शब्द त्याच्या हद्दीतल्या कोर्टांवर चालतो, कारण कलम २२७ प्रमाणे देखरेख त्याची असते. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली ईस्ट इंडिया कमर्शियल कंपनीच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. आता आपली हद्द कोणती? ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत बेळगावचं अपील मुंबईला जात होतं. १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव, विजापूर, धारवाड, कारवार हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. बेळगाव जिल्ह्याचा फक्त चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला. तेव्हापासून आपलं उच्च न्यायालय म्हणजे आधी म्हैसूर, आता कर्नाटक. त्याचं धारवाडचं पीठ २००८ ला फिरतं म्हणून सुरू झालं आणि २०१३ पासून कायम आहे.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं पीठ) बसतं. निपाणीच्या माणसाला कोल्हापूर धारवाडपेक्षा कितीतरी जवळ. तेव्हापासून पक्षकार मला विचारतात, ‘साहेब, आता तिथला निवाडा आपल्याला चालेल का?’ तो चंदगडच्या न्यायाधीशांवर बंधनकारक आहे, निपाणीच्या न्यायाधीशांवर नाही. सीमाभागाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याबद्दल आपल्या मनात काय आहे ते मी इथे सांगायची गरज नाही. पण खानापूरच्या खुर्चीवर बसलेला न्यायाधीश, तो मराठी असो की कन्नड, आज धारवाडचं ऐकायला बांधलेला आहे. आपण मराठी म्हणून त्याने मुंबईचं ऐकलं आणि धारवाडचं डावललं, तर तीच मोठी चूक ठरेल.

हा फरक कागदी वाटू नये, म्हणून एक प्रकरण सांगतो. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक कुटुंब आलं. आजोबा दोन गावांत कुळ होते. एक तुकडा चंदगड तालुक्यात, दुसरा बेळगाव तालुक्यात. जमीन तशीच, नाचणी-भाताचीच. चंदगडच्या तुकड्याला मुंबईचा १९४८ चा कुळकायदा लागू झाला. १ एप्रिल १९५७ ला कसणारं कूळ कायद्यानेच मालक मानलं गेलं, पुढे किंमत ठरली आणि कलम ३२ एमचं खरेदीचं प्रमाणपत्र हातात आलं. बेळगावच्या तुकड्याचं काय? तो एप्रिल येण्याआधी पाच महिने आपण म्हैसूर राज्यात गेलो होतो. इथे निर्णायक तारीख ठरली १ मार्च १९७४. कर्नाटक भूसुधारणा कायद्याप्रमाणे त्या दिवशी कुळाची जमीन सरकारजमा झाली आणि कुळाने फॉर्म नंबर ७ भरून भून्यायमंडळाकडे हक्क मागायचा, असं ठरलं. अर्जाची शेवटची मुदत ३० जून १९७९. आजोबांनी अर्ज भरला नाही. चंदगडला आपण आपोआप मालक झालो, तसं इथेही झालो असणार, असं त्यांना वाटलं.

नातवाने दावा लावला तेव्हा मी मुंबई उच्च न्यायालयाचे निवाडे जोडले. ‘कूळ मानीव खरेदीदार होतं’ असं त्यांत स्वच्छ लिहिलेलं होतं. न्यायाधीशांनी ते बारकाईने वाचले आणि मला एकच गोष्ट विचारली: ‘हे ज्या कलमावर आहेत ते कलम या जमिनीला लागू आहे का?’ नव्हतं. शिवाय कुळाचा मुद्दा ठरवायचा अधिकारच दिवाणी कोर्टाला नव्हता, भूसुधारणा कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे तो न्यायमंडळाकडे जायला हवा होता. (आपल्या भूमहसूल कायद्यातही कलम १३३ आहे, उताऱ्यावरच्या नोंदी खऱ्या मानण्याचं. दोन्हींची गल्लत करू नका.) त्या कुटुंबाचा तुकडा गेला. ती चूक माझी होती, आणि तेव्हापासून निवाडा उघडला की मी आधी पाहतो तो कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमावर आहे.

म्हणून मुंबईचे निवाडे निरुपयोगी आहेत असं समजू नका. कायदा केंद्राचा असेल, म्हणजे हिंदू वारसा कायदा, मालमत्ता हस्तांतरण, चेक परत जाण्याची प्रकरणं, आणि त्या मुद्द्यावर कर्नाटक उच्च न्यायालय काही बोललेलं नसेल, तर मुंबईचा निवाडा आदराने वाचला जातो. न्यायाधीशांना त्यातली कारणं पटली तर ते त्याच वाटेने जातात. वतनाच्या, इनामाच्या जुन्या व्यवहारांत तर मुंबईचे निवाडे काढावेच लागतात, कारण पुनर्रचनेनंतरही जुने मुंबई कायदे आपल्या जिल्ह्यात बदल होईपर्यंत चालू राहिले. फक्त ‘हे बंधनकारक आहे’ असं म्हणून देऊ नये. ‘यातली कारणं पाहावीत’ असं म्हणून द्यावं. वकिलाने इतकं सांभाळलं तर ऐकणारा कानही वेगळा मिळतो.

आता तुमचा पहिला प्रश्न. ‘वस्तुस्थिती वेगळी आहे’ हे शब्द फार झोंबतात, मला माहीत आहे. पण निवाडा लागू करणं म्हणजे त्यातलं एक वाक्य उचलून दुसऱ्या दाव्यावर चिकटवणं नव्हे. निवाड्यात जे जे लिहिलेलं असतं ते सगळं बंधनकारक नसतं. ज्या कारणावर निकाल उभा आहे, तो गाभा बंधनकारक. बाकी ओघात आलेलं. आणि गाभा समजायचा तर त्या खटल्यात घडलं काय होतं ते बघावंच लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली छापून आलेल्या अंबिका क्वारी वर्क्सच्या निवाड्यात आणि २००२ च्या पद्मसुंदर राव निवाड्यात हेच बजावलं: निवाडा त्यातल्या वस्तुस्थितीच्या पार्श्वभूमीवर वाचा, कायद्याच्या कलमासारखा वाचू नका. म्हणजे वस्तुस्थिती ताडून पाहणं हे तालुक्याच्या न्यायाधीशाचं कामच आहे. ते टाळलं तर तो चुकेल.

मात्र या कामाला एक अट आहे. वेगळेपण कुठे आहे, हे निकालपत्रात लिहिलं पाहिजे. कोणती गोष्ट त्या खटल्यात होती आणि इथे नाही, आणि त्या फरकाने गाभ्याला धक्का कसा लागतो, हे दोन परिच्छेदांत तरी यायला हवं. नुसतं ‘वस्तुस्थिती वेगळी आहे’ एवढ्या ओळीवर निवाडा बाजूला ठेवला असेल, तर तो बाजूला ठेवलेला नाही, टाळलेला आहे. हे मी कडक शब्दांत म्हणतो, कारण अपिलात सगळ्यात आधी हेच दाखवावं लागतं.

मुलींच्या वाट्याचा कायदा कसा घडला ते सांगितलं तर हे जास्त उमगेल, आणि तो आपल्या गावातून निघालेला आहे. १९९२ साली बेळगावच्या दिवाणी न्यायालयात एका मुलीने सातवा हिस्सा मागणारा वाटणीचा दावा लावला. वडील १९८८ मध्ये वारले होते. दावा चालू असतानाच हिंदू वारसा कायद्याची ९ सप्टेंबर २००५ ची दुरुस्ती आली, मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेतली हिस्सेदार, झाली. प्रकरण धारवाडला गेलं, उच्च न्यायालयाने दुरुस्तीचा लाभ दिला, मग ते दिल्लीला गेलं. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश विरुद्ध फुलवती या निवाड्यात सांगितलं, की त्या तारखेला वडील हयात असतील तरच मुलीला हा हक्क. २०१८ मध्ये दानम्मा हा दुसरा निवाडा आला, तोही कर्नाटकातलाच. त्यात वडील २००१ मध्ये वारले होते तरी मुलींना हिस्सा मिळाला. दोन्ही पीठं दोन-दोन न्यायमूर्तींची.

त्या काळात आमच्या कोर्टांत काय चाललं होतं हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. भावाचा वकील फुलवती काढायचा, बहिणीचा वकील दानम्मा. समोर तरुण न्यायाधीश, आणि दोन्ही निवाडे त्याच्यावर सारखेच बंधनकारक. त्याने कोणाचं ऐकायचं? सारख्या आकाराच्या पीठांचे निवाडे एकमेकांविरुद्ध गेले तर नंतरचा पाळा, असं कर्नाटक उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचं मत होतं, गोविंद नाईक कलघटगी प्रकरणातलं, १९८० साली छापून आलेलं. तर ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी, अपघात भरपाईच्या प्रणय सेठी प्रकरणात, आधीचा निवाडा नंतरच्या समान पीठालाही बांधतो असं म्हटलं होतं. २०२३ च्या लडाखच्या प्रकरणात तर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितलं, की असा संघर्ष असेल तर आधीचा पाळायचा, आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवलेला आहे या सबबीवर चालू निवाडा पाळणं थांबवायचं नाही. आज नियम स्वच्छ आहे. तेव्हा तो इतका स्वच्छ नव्हता, आणि तरीही त्या न्यायाधीशांना ‘मला कळत नाही’ म्हणून दावा परत पाठवता येत नव्हता. कोणीतरी बहीण समोर उभी होती. ज्यांनी त्या दिवसांत दोन्ही निवाडे वाचून, आपण कोणत्या वाटेने जातो आणि का हे कागदावर उतरवलं, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांचे काही निकाल पुढे फिरले, पण कारणं लिहिलेली होती म्हणून ते फिरवणंही सोपं गेलं.

११ ऑगस्ट २०२० ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने विनीता शर्मा प्रकरणात वाद मिटवला. वडील हयात असोत नसोत, मुलगी जन्मानेच सहदायाद. फुलवती निवाडा रद्द ठरला, दानम्मातला विसंगत भागही. विचार करा ताई, बेळगावच्या कोर्टात १९९२ ला नोंदवलेल्या दाव्यातून निघालेला प्रश्न अठ्ठावीस वर्षांनी देशभरच्या मुलींसाठी सुटला. मुळात वडील कधी वारले, जमीन वडिलोपार्जित की स्वकष्टाची, वाटणी झाली होती का, हे सगळं ठरवणारे कागद इथल्याच एका न्यायाधीशासमोर आले होते. वरची कोर्टं कायदा सांगतात, पण तो खालून आलेल्या वस्तुस्थितीवर.

आता तुमच्या दाव्याकडे येतो. विनीता शर्मामध्येच तोंडी वाटणीबद्दल सांगितलं आहे. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटण्यांना दुरुस्तीने धक्का लावला नाही, पण वाटणी म्हणजे नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा कोर्टाची डिक्री (हुकूमनामा). नुसत्या तोंडी पुराव्यावर वाटणी मान्य करायची नाही. अपवाद एकच: सार्वजनिक दस्तऐवजांचा आधार असेल आणि शेवटी ती वाटणी डिक्रीने झाल्यासारखी पक्की दिसत असेल, तर क्वचित मान्य करता येईल. म्हणजे भावांनी ‘वर्दी दिली, उतारे वेगळे झाले’ म्हटलं की काम संपलं, असं नाही. तुमचं निकालपत्र पुढ्यात घेऊन बघा, न्यायाधीशांनी कोणत्या कागदावर बोट ठेवलं आहे. १९९८ ची वर्दी प्रत्यक्ष हजर झाली का? त्यावर वडिलांची सही आहे का? फेरफार कधी मंजूर झाला, त्याची नोटीस कोणाला गेली? त्यानंतर भावांनी आपापल्या तुकड्यावर वेगळं कर्ज काढलं, वेगळी विक्री केली, वेगळा सारा भरला, असं काही नोंदीत दिसतं का? हे सगळं तपासून न्यायाधीशांनी ‘अपवादात बसतं’ म्हटलं असेल, तर त्यांनी निवाडा बाजूला ठेवलेला नाही. उलट तो लागू केला आहे, तुमच्या विरुद्ध लागू केला आहे. मग अपिलात पुराव्यावर भांडावं लागेल. आणि एकाच फेरफाराच्या नोंदीवर सगळं उभं असेल, तर तुमची बाजू बळकट आहे. फेरफार मालकी देत नाही, हे कोर्टं कितीतरी वर्षं सांगत आली आहेत.

एक गोष्ट आपल्या भागाचीच म्हणून मुद्दाम लिहितो. साक्षीत कोणते शब्द नोंदले गेले ते नक्की वाचा. आपला साक्षीदार मराठीत बोलतो, कोर्टाची भाषा कन्नड, सरतपासणीचं प्रतिज्ञापत्र वकिलाच्या ऑफिसात कन्नड किंवा इंग्रजीत तयार होतं आणि साक्षीदार त्याखाली सही करतो. आपल्याकडे म्हातारी माणसं म्हणतात, ‘चुली वेगळ्या झाल्या.’ याचा अर्थ एवढाच की जेवण वेगळं शिजतं. जमीन सामाईकच असते, खळं एकत्र असतं, वडील सगळ्यांकडून धान्य मोजून घेतात. तेच वाक्य भाषांतरात ‘वाटणी झाली’ असं उतरलं, की विनीता शर्माचा गाभा लागू होण्याची जागाच निसटते. मी उलटतपासणीत ‘चूल वेगळी म्हणजे काय, बाई?’ असं विचारून साक्षीदाराच्या तोंडून अर्थ नोंदवून घेतो. साक्षीदाराला न कळणाऱ्या भाषेत साक्ष नोंदली गेली, तर ती त्याने साक्ष दिली त्या भाषेत त्याला समजावून सांगायची, असं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८ नियम ६ मध्ये आहे. तो हक्क गप्प बसून सोडू नये. मोडीतले जुने खरेदीखत असेल तर भाषांतर जाणकाराकडूनच करून घ्यावं.

वरचा निवाडा चुकीचा वाटला तर न्यायाधीश काय करू शकतो, असंही काही जण विचारतात. पाळायलाच हवा. तो निवाडा कायदा न पाहता दिला गेला असं खालच्या कोर्टाला म्हणता येत नाही. आपल्या शंका निकालपत्रात लिहिता येतात, आणि एखाद्या कायद्याच्या वैधतेचाच प्रश्न उभा राहिला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११३ खाली उच्च न्यायालयाकडे विचारणा करता येते. त्यापलीकडे वाट नाही. फौजदारीत तर याचा परिणाम एका रात्रीत दिसतो. २०१४ च्या अर्नेश कुमार निवाड्याने सांगितलं, की सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेची गरज का होती हे पोलिसांनी लिहायचं आणि दंडाधिकाऱ्यांनी ते तपासूनच कोठडी द्यायची. न तपासता कोठडी दिली तर दंडाधिकाऱ्यांवर खात्यांतर्गत कारवाई होऊ शकते. निवाडा लागू करायचा राहिला म्हणून एखादा पोरगा हिंडलग्याच्या तुरुंगात चौदा दिवस बसतो. त्यामुळे दंडाधिकारी ‘कारण दाखवा’ म्हणून पोलिसांना थांबवतात, तेव्हा ते कुणावर मेहेरबानी करत नसतात.

आम्हा वकिलांनाही थोडं सांगायला हवं. वीस-वीस निवाड्यांची चळत ठेवायची, एकाही निवाड्याच्या परिच्छेदावर खूण करायची नाही, आणि मग न्यायाधीश वाचत नाहीत म्हणायचं, हे बरोबर नाही. २०२५ मध्ये बेंगळुरूच्या एका दिवाणी न्यायाधीशांनी आपल्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाचे म्हणून जे निवाडे घातले ते मुळात अस्तित्वातच नव्हते, असं कर्नाटक उच्च न्यायालयासमोर उघड झालं आणि चौकशीचे आदेश निघाले. संगणकाने दिलेला निवाडा मूळ संकेतस्थळावर उघडून वाचल्याशिवाय दाखल करू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांची मराठी भाषांतरंही आता मिळतात. तुम्ही स्वतः विनीता शर्मा मराठीत वाचा, विशेषतः शेवटच्या पानांवरची उत्तरं. तुमचा दावा तुमच्याइतका कोणाला माहीत नाही.

आता घाई एवढ्याचीच. निकालपत्र आणि डिक्रीच्या सहीशिक्क्याच्या नकलेसाठी अर्ज केला नसेल तर उद्याच करा. अपील तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या अपिली कोर्टात असेल तर डिक्रीपासून ३० दिवस, थेट धारवाडला असेल तर ९० दिवस. नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळले जातात, म्हणून नकलेवरच्या अर्जाची आणि तयार झाल्याची तारीख जपून ठेवा. सोबत १९९८ च्या वर्दीची आणि त्या फेरफाराच्या नोटिशीची नक्कल तहसील कचेरीतून मागवा. नोटीस तुमच्या नावाने निघालीच नसेल, तर अपिलाच्या मेमोत (अपिलाच्या अर्जात) तो मुद्दा पहिला घालायला वकिलांना सांगा.